दहा सेंटांची कादंबरी आणि तिच्या लेखिका

प्रत्येक सुशिक्षित घरात पुस्तकांच्या दोन जाती असतात. एक दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात राहणारी, आणि दुसरी उशीखाली, फडताळात, तांदळाच्या कणगीमागे किंवा माळ्यावरील जुन्या ट्रंकेत राहणारी. पहिल्या जातीची पुस्तके पाहुण्यांस दाखवावयाची असतात. दुसऱ्या जातीची वाचावयाची असतात. आमच्या कपाटात ज्ञानेश्वरी, दासबोध, निबंधमाला, आपट्यांचा कोश अशी भारदस्त मंडळी ओळीने बसलेली असत. आणि कणगीमागे बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार व काळा पहाड एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेले असत. कपाटाची किल्ली वडिलांच्या जानव्याला असे. कणगीला कुलूप नव्हते.

कणगीमागचे हे ग्रंथालय आमच्या काकूंचे. काकूंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. दुपारी पुरुषमंडळी आपापल्या उद्योगास गेली आणि वामकुक्षीची वेळ टळली, की माजघरात तांदूळ निवडावयास बसलेल्या चारपाच बायकांत त्या एकीकडे सूप धरीत आणि दुसरीकडे मांडीवरचे पुस्तक मोठ्याने वाचीत. आरंभी त्या अक्षर अक्षर जुळवून वाचीत असत, असे माझी आई सांगे. पुढे पुढे त्यांची जीभ अशी काही चालू लागली, की चातुर्मासात काशीखंड वाचावयास पुराणिकबुवा मिळेनासे झाले तेव्हा ते काम काकूंनीच पार पाडले, आणि एका ओळीतही त्या अडखळल्या नाहीत. काशीखंडाचे पुण्य सर्वांनी त्यांच्या पदरी घातले. त्यांस वाचावयास शिकविण्याचे श्रेय मात्र काळ्या पहाडास कोणी दिले नाही.

मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. वेदपाठशाळेत काही वर्षे घालवून नंतर माध्यमिक शाळेत संस्कृत शिकविण्यात माझा जन्म गेला. अशा मनुष्याने स्वस्त साहसकथांचे गुणगान करावे हे कित्येकांस विपरीत वाटेल. वर्गात बाकाखाली धरलेली असली पुस्तके मी शेकड्यांनी जप्त केली आहेत. ती मी प्रत्येक वेळी परत केली, एवढे सांगितले पाहिजे. मात्र परत करण्यास चारदोन दिवस लागत, कारण शिक्षकांच्या खोलीत त्यांस मागणी पुष्कळ असे.

शिवाय ज्या वाङ्मयाची मी उपजीविका केली ते तरी याबाबतीत कोठे सोवळे आहे? मृच्छकटिकातील शर्विलक हा चतुर्वेदी ब्राह्मणाचा मुलगा. तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडावयास जातो, माप घेण्याची दोरी घरी विसरतो, आणि गळ्यातील यज्ञोपवीताने भिंतीचे माप घेतो! दंडीच्या दशकुमारचरितात अपहारवर्मा धनिकांची घरे कशी फोडतो हे वाचून विद्यार्थी इतके रंगत, की समास सोडविण्याची आठवण मला करावी लागे. आणि सोमदेवाचा कथासरित्सागर? अकराव्या शतकात काश्मीरची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी तो रचिला गेला. वेताळ, विद्याधर, बुडणारी गलबते आणि चोरांच्या गुहा यांनी भरलेला तो अफाट ग्रंथ एका स्त्रीस वाचावयास हवा होता म्हणून आज आपल्या हाती आहे. तो कपाटात बसला, कारण तो संस्कृतात होता.

हा विषय माझ्या डोक्यात गेल्या वर्षी शिरला तो एका घरगुती कारणाने. ते पुढे सांगतोच. त्या निमित्ताने माझ्या नातवाने मजला संगणकावर अमेरिकेतील एका विद्यापीठाचा संग्रह उघडून दिला. एकशेसाठ वर्षांपूर्वीच्या, दहा सेंटांना विकल्या गेलेल्या कादंबऱ्या त्यात पानन् पान ठेविलेल्या आहेत. इंग्रजी माझे मॅट्रिकच्या मापाचे. परंतु ही पुस्तके माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेली असल्यामुळे कोश फारसा उघडावा लागला नाही.

दहा सेंटांच्या नाण्याला तिकडे डाइम म्हणतात, म्हणून या पुस्तकांचे नाव डाइम नॉव्हेल. त्यांचा जनक इरॅस्टस बीडल हा १८२१ साली न्यूयॉर्क संस्थानात एका गरीब शेतकऱ्याच्या पोटी जन्मला. पोरवयात तो एका गिरणीत पीठ दळण्याच्या कामावर होता. तेथे गोण्यांवर खुणा करावयास अक्षरे नव्हती, म्हणून त्याने लाकडाची अक्षरे स्वतःच्या हाताने कोरली, आणि त्या अक्षरांनीच त्याला पुढे छापखान्याच्या दाराशी नेऊन सोडिले. बफेलो गावी त्याने व्यवसाय थाटला तेव्हा त्याचे आरंभीचे उद्योग अगदी सात्त्विक होते: मुलांसाठी एक मासिक, आणि १८५६ पासून 'होम', म्हणजे 'घर', या नावाचे पत्नी, माता, भगिनी व कन्या यांच्यासाठी चालविलेले दुसरे मासिक. या घरगुती मासिकाचे संपादन स्त्रियांकडे होते. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांस हे विशेष कळविण्याजोगे वाटते, की ज्या दुकानातून पुढे पिस्तुले, घोडे आणि जंगले यांचा महापूर लोटला, त्या दुकानाच्या उंबरठ्यावर प्रथम आपल्यासारखेच एक कौटुंबिक मासिक बसले होते.

१८५८ साली बीडल न्यूयॉर्क शहरात आला. भाऊ अर्विन आणि भागीदार रॉबर्ट अ‍ॅडम्स यांच्यासह त्याने दहा सेंटांचे गाण्यांचे पुस्तक काढले, ते खपले. मग दहा सेंटांचे पाकशास्त्र काढले, तेही खपले. तेव्हा त्याच्या मनात आले, की गाणी आणि भाज्या या किमतीला जातात तर कादंबरी का जाऊ नये? त्या काळी बांधीव कादंबरीला एक ते दीड डॉलर पडे, आणि साध्या मजुराची दिवसभराची मजुरी सुमारे एक डॉलर होती. म्हणजे कादंबरी घ्यावयाची तर घरच्यांनी एक दिवस उपाशी राहावयाचे! परंतु वाचता येणारे लोक गावोगाव झाले होते, आगगाड्या दूरवर पोहोचल्या होत्या, वाफेवर चालणारी यंत्रे तासाला हजारो कागद छापू लागली होती, आणि जुळविलेल्या खिळ्यांवरून धातूचे अखंड ठसे ओतून ठेवण्याची युक्ती साधल्यामुळे तेच पुस्तक हवे तेव्हा पुन्हा छापता येत होते. उणीव होती ती फक्त धाडसाची. बीडलने जाहिरात दिली, की डॉलरचे पुस्तक आम्ही दहा सेंटांत देऊ.

जून १८६० मध्ये या मालेचे पहिले पुस्तक बाहेर पडले. आकार सुमारे चार इंच रुंद व सहा इंच लांब, म्हणजे अंगरख्याच्या खिशात मावेलसा, पाने १२८, वेष्टन नारिंगी झाक असलेल्या कागदाचे, आणि त्यावर चित्रसुद्धा नाही. कथेचे नाव 'मलाएस्का', आणि वेष्टनावर नाव होते अ‍ॅन स्टीफन्स या बाईंचे.

साहसकथा म्हटली की ती पुरुषाने पुरुषासाठी लिहिलेली, अशी आपली समजूत. पण अमेरिकेतील या प्रचंड धंद्याचे पहिले पान एका पन्नाशीच्या गृहिणीने लिहिलेले आहे. स्टीफन्सबाई कनेक्टिकट प्रांतात १८१० साली जन्मल्या. वडील लोकरीच्या गिरणीचे व्यवस्थापक. विवाहानंतर पोर्टलंड गावी १८३४ साली पतिपत्नींनी एक मासिक काढले, त्याच्या संपादक बाई. नंतर न्यूयॉर्कला आल्यावर एकामागून एक अशा कितीतरी स्त्रियांच्या मासिकांत त्यांनी संपादन केले आणि कादंबऱ्या लिहिल्या. १८६२ साली यजमान वारले. मुले वाढवावयाची होती. बाईंनी पुन्हा विवाह केला नाही. लेखणी हेच त्यांचे शेत आणि लेखणी हेच त्यांचे इनाम. १८८६ साली देह ठेवीपर्यंत त्या लिहीत होत्या.

'मलाएस्का' ही गोष्ट नवी नव्हती. १८३९ साली स्त्रियांच्या एका मासिकात ती क्रमशः येऊन गेली होती. बीडलने तिच्या पुनर्मुद्रणाचा हक्क २५० डॉलर देऊन विकत घेतला. यातील व्यापारी चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे. स्वस्त पुस्तक म्हणजे हलके पुस्तक, हा लोकांचा ग्रह त्याला ठाऊक होता. म्हणून पहिले पाऊल घरात टाकावयाचे ते घरोघर मानल्या गेलेल्या एका पोक्त बाईचे नाव पुढे करून. नव्या सुनेला माप ओलांडावयास लावताना बरोबर पाठराखीण देतात, तशातला हा प्रकार. पहिल्या काही महिन्यांतच ६५,००० वर प्रती खपल्या असे नमूद आहे.

आणि कथा कशी आहे म्हणाल, तर तीत मारामाऱ्या आहेत, अरण्य आहे, बाणांनी व बंदुकांनी पडणारी माणसे आहेत; परंतु ती खरोखर सासरी नांदू न दिलेल्या एका सुनेची कथा आहे. मलाएस्का ही हडसन नदीकाठच्या मूळ रहिवाशांच्या नायकाची मुलगी. तिने गोऱ्या शिकाऱ्याशी लग्न केले. त्यांस मुलगा झाला. दोन जमातींच्या चकमकीत तिचा बाप आणि तिचा नवरा एकमेकांच्या हातून पडले. मरताना नवऱ्याने सांगितले, की मुलास घेऊन माझ्या आईबापांकडे जा. ती मॅनहॅटनला सासरी गेली. सासऱ्याने नातवास पोटाशी धरिले, आणि तिला अट घातली, की राहावयाचे असेल तर दाई म्हणून राहा; तू याची आई आहेस हे त्याला कधी कळता कामा नये. ती राहिली. पोटचा मुलगा आपल्याच जातीचा द्वेष शिकत वाढताना तिने पाहिला. एकदा त्यास घेऊन पळाली, तेव्हा पकडून मुलगा हिसकून घेतला गेला. शेवटी तो मोठा होऊन लग्नाच्या उंबरठ्यावर उभा असताना तिने सत्य सांगितले, आणि ते न सोसून त्याने पाण्यात उडी घेतली. त्याच्या थडग्यावर तिचाही अंत झाला.

मी ही गोष्ट घरातल्या बायकांस दुपारी मराठीत सांगितली. सासऱ्याच्या अटीपाशी आल्यावर निवडण्याच्या ताटातला हात सर्वांचाच थांबला. आमच्या वहिनी, ज्यांनी समुद्रापलीकडचे काही पाहिलेले नाही, त्या म्हणाल्या, "भावोजी, हा म्हातारा आमच्या गावचाच दिसतो."

पहिल्या वर्षात याच मालेत मेरी डेनिसन म्हणून दुसऱ्या एका बाईंच्या कथा निघाल्या. परंतु सर्वांत नवल वाटावे अशी स्त्री म्हणजे मेट्टा व्हिक्टर. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथे १८३१ साली जन्मलेली ही मुलगी मिसरूडही न फुटण्याच्या वयात (मुलींस ते फुटत नाही, हे मी जाणतो, पण मुलाविषयी बोलताना आपण असेच म्हणतो) लिहू लागली. थोरली बहीण फ्रान्सिस हिच्यासह १८५१ साली तिने कवितासंग्रह काढला. १८५६ साली तिचा विवाह ऑर्व्हिल व्हिक्टर या वृत्तपत्रकाराशी झाला, आणि पुढे थोरली बहीणही त्याच्याच भावाशी लग्न करून त्याच घरात आली. म्हणजे सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा! आपल्याकडे असल्या योगाविषयी बायका दोन प्रकारे बोलतात. या घरात तरी तो फळला. पती मालेचा संपादक, आणि दोन्ही जावा मालेच्या लेखिका.

मेट्टाबाईंस नऊ मुले झाली. नऊ मुलांच्या आईने किती कादंबऱ्या लिहाव्या याविषयी आमच्या सौभाग्यवतींनी एक प्रश्न विचारला, तो येथे देत नाही. बाईंनी 'होम' मासिकाचे संपादन केले, पाकशास्त्र लिहिले, सीमाप्रांतातील वधूंच्या गोष्टी लिहिल्या, मद्यपानाविरुद्ध लिहिले. आणि १८६१ साली, यादवी युद्धाची आग भडकली असता, 'माम गिनी' ही कादंबरी लिहिली. लुइझियाना प्रांतातील एका मळ्यावर नाताळच्या सुट्टीत गुलाम एकत्र जमतात आणि एकेक जण आपली हकीगत सांगतो, असा तिचा घाट. लिलावात ताटातूट झालेली नवराबायको, विकली गेलेली मुले, चाबूक. हे सारे दहा सेंटांच्या नारिंगी वेष्टनातून घरोघर गेले. त्या युद्धात सैनिकांच्या छावण्यांवर या पुस्तकांच्या चळतीच्या चळती जात, आणि शिळी झालेली पुस्तके शिपाई आपापसांत बदलून घेत. ज्या प्रश्नावर ते मरत होते तो प्रश्न त्यांच्यातील किती जणांस अशा पुस्तकांतूनच प्रथम कळला असेल!

मेट्टाबाईंचे दुसरे काम वाङ्मयाच्या इतिहासात याहून मोठे. १८६६ साली बीडलच्याच मासिकात 'द डेड लेटर' ही खुनाच्या तपासाची प्रदीर्घ कादंबरी क्रमशः येऊ लागली. अमेरिकेतील पूर्ण लांबीची पहिली गुप्तहेरकथा म्हणून अभ्यासक आज तिजकडे बोट दाखवितात. शेरलॉक होम्स जन्मावयास अजून एकवीस वर्षे होती. कादंबरीवर नाव होते सीली रेजेस्टर. हे मेट्टाबाईंनी घेतलेले टोपणनाव. आणि गंमत अशी, की त्याच प्रकाशकाच्या दहा सेंटांच्या पाकशास्त्रावर मात्र 'श्रीमती व्हिक्टर' हे नाव ढळढळीत छापलेले आहे. मुरांबा बाईच्या नावाने, मुडदा दुसऱ्याच्या नावाने.

आता ते घरगुती कारण. आमच्या धाकट्या सूनबाई बँकेत नोकरी करतात. रात्री मुले निजल्यावर त्या काहीतरी लिहीत बसतात, हे मला ठाऊक होते. बँकेचेच काम असेल अशी माझी समजूत. गेल्या वर्षी त्यांनी एक जाडसर वही माझ्यापुढे ठेविली. कोकणातील एका बंद पडलेल्या मिठागरावर घडणारी ती रहस्यकथा होती. मी ती एका बैठकीत संपविली, आणि शुद्धलेखनाच्या आठ चुका सोडल्यास मला त्यात काही खोडावयास सापडले नाही. खुनी कोण ते मजला शेवटच्या प्रकरणापर्यंत कळले नव्हते. अशी पुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशकाकडे त्यांनी ती पाठविली, त्यास ती पसंत पडली, आणि उत्तर आले, की कथा घेतो, परंतु रहस्यकथेवर बाईचे नाव चालत नाही. एखादे दमदार पुरुषी नाव सुचवावे, न सुचल्यास आम्ही देऊ.

या पत्रावरून घरात दोन तट पडले. आमच्या मंडळींचे म्हणणे, नाव बदलले तर बरेच. उद्या कोणी म्हणावयास नको, की अमक्यांच्या सुनेने खून पाडिले. धाकट्या बंधूंचे म्हणणे, नावात काय आहे, मानधन नीट ठरवून घ्यावे. चिरंजीव नेहमीप्रमाणे दोन्हींकडे मान हलवीत होते. सूनबाई कोणालाच काही बोलल्या नाहीत. रात्री माझ्या खोलीशी येऊन एवढेच म्हणाल्या, "मामंजी, पूर्वी बायका काय करीत असत, हे तुम्ही मला पाहून द्याल का?"

याच प्रश्नापायी मी वरील सारे वाचले. आपल्याकडचे मला थोडेफार माहीत होते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची, आणि तिचा विषय विधवांची दुर्दशा. हळब्यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला' १८६१ सालची. म्हणजे न्यूयॉर्कला नारिंगी पुस्तके निघाली तेव्हा इकडेही जंगले, कारस्थाने आणि हरवलेल्या नायिका यांचा बाजार उघडत होता. विषय स्त्रीचा, नायिका स्त्री; पण लेखणी पुरुषाच्या हाती. त्याच १८६१ साली काशीबाई कानिटकर जन्मल्या. सासरी आल्यावर त्या लिहावयास शिकल्या, आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी १८८९ साली स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले.

छापखान्यात बायका होत्या त्या केवळ लिहिणाऱ्या नव्हत, हेही मी सूनबाईंस दाखविले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची, सह्या करणाऱ्यांची नावे असलेली पहिली छापील प्रत जानेवारी १७७७ मध्ये बाल्टिमोर येथे मेरी कॅथरीन गोडार्ड या बाईने आपल्या छापखान्यात काढली, आणि खाली मुद्रक म्हणून आपले नाव घातले. ते इंग्रजांच्या हाती लागले असते तर त्या नावाची किंमत काय पडली असती, हे तिला कळत नव्हते थोडेच! न्यूयॉर्कच्या बांधणीखान्यांत कागदांच्या घड्या घालणे आणि शिवणे हे काम मुख्यत्वे मुलीबाळी करीत. खिळे जुळविण्याच्या कामी मात्र त्या शिरल्या तेव्हा पुरुष कामगार खवळले. १८६८ साली ऑगस्टा ल्युइस या खिळे जुळविणाऱ्या तरुणीने बायकांचा निराळा संघ उभारला, आणि पुढच्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय संघास आपले दार उघडावे लागले.

मालेच्या पुढील इतिहासात बायकांची नावे विरळ होत गेली. आठव्या क्रमांकाची 'सेथ जोन्स' ही कथा ऑक्टोबर १८६० मध्ये निघाली, तिचा लेखक एडवर्ड एलिस हा वीस वर्षांचा शाळामास्तर होता. (आमच्या व्यवसायाचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो: त्यास तिचे ७५ डॉलर मिळाले.) सेथ जोन्स कोण, एवढाच प्रश्न लिहिलेले कागद प्रकाशकांनी गावोगाव भिंतींवर चिकटविले, लोक चक्रावले, मग उत्तराचे पुस्तक विकावयास आले. अरण्य व शिकारी यांचीच चलती झाली. १८६९ पासून बफेलो बिल, १८७७ पासून डेडवुड डिक असे घोड्यावर बसलेले नायक आले, किंमत निम्म्यावर म्हणजे पाच सेंटांवर उतरली, गिऱ्हाईक पोरे झाली. मग ओरड सुरू झाली. नीतिरक्षक अँथनी कॉमस्टॉक याने १८८३ साली एक अख्खे पुस्तक लिहून असल्या वाङ्मयास सैतानाचे सापळे ठरविले. या लोकांस पुस्तक आधी जाळावयाचे असते आणि वाचावयाचे मागाहून. असे सद्गृहस्थ शाळा तपासणीस म्हणून मीही पुष्कळ पाहिले. बायकांनी लिहिलेले आरंभीचे गंभीर भाग आणि पोरांसाठी काढलेला पुढचा फोफसा माल, दोन्ही एकाच टोपलीत गेले. खुद्द 'मलाएस्का'सुद्धा फाटून, चुलीत जाऊन, कपाटाबाहेर राहिली.

ती वाचली कोणामुळे? शिकागो विद्यापीठातील अल्बर्ट जोहान्सन या प्राध्यापकामुळे, आणि हे गृहस्थ वाङ्मयाचे नव्हत, खडकांचे! दगडांची सूक्ष्म परीक्षा करण्यात आयुष्य घालविलेल्या या विद्वानाने बीडलच्या घराण्याचा खंडात्मक इतिहास १९५० साली प्रसिद्ध केला. कोणते पुस्तक कोणाचे, कोणते टोपणनाव कोणाचे, हे खडकाचे थर लावावे तसे लावून ठेविले. त्याचाच संग्रह इलिनॉयमधील विद्यापीठाकडे गेला, आणि तोच माझ्या नातवाने मला उघडून दिला. सीली रेजेस्टरच्या जागी आज मेट्टा व्हिक्टर असे लिहितात, त्यात अशाच माणसांच्या खटपटी आहेत.

हे सारे मी सूनबाईंस दोन रविवार बसून सांगितले. सल्ला काही दिला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी प्रकाशकास लिहिले, की नाव माझे राहील, कथेत दुसरे काय बदलावयाचे ते कळवावे. त्यास चार महिने झाले. उत्तर नाही. वही परतही आलेली नाही. आमच्या मंडळींनी, ज्यांस सुनेने खून पाडणे पसंत नव्हते, परवा पोस्टमनला दारातच दोनदा विचारिले, की बँकेशिवायचे काही पाकीट आहे का. सूनबाईंची दुसरी कथा निम्मी लिहून झाली आहे. ती एका सनातनी वाड्यात घडते, आणि तीत किल्ली जानव्याला बांधणारे एक वृद्ध गृहस्थ पहिल्याच प्रकरणात मरतात. आपण कोणाला डोळ्यांपुढे ठेविले आहे, असे मी विचारिले नाही.

त्या दोन जावांतील थोरलीचे राहिले. फ्रान्सिसबाईंनी १८६२ साली मालेसाठी दोन कथा लिहिल्या, आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगनला जाऊन इतिहासाची कास धरली. सान फ्रान्सिस्कोचे श्रीमंत पुस्तकविक्रेते ह्यूबर्ट बँक्रॉफ्ट यांनी पश्चिम अमेरिकेचा ३९ खंडांचा इतिहास काढिला, त्यासाठी पगारी मदतनीस ठेविले, आणि सर्व खंडांवर लेखक म्हणून एकट्या बँक्रॉफ्टचे नाव घातले. ऑरेगनचे दोन खंड आणि आणखी दोन, असे चार खंड मुख्यतः फ्रान्सिसबाईंच्या हातचे. बाईंनी पुष्कळ वर्षे वाट पाहिली. मग सान फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात त्यांनी ते चार खंड नेऊन मांडिले, आणि त्यांच्या पाठीवर सोनेरी नावाच्या जागी स्वतःचे नाव घालून ठेविले. १९०२ साली त्या वारल्या. सूनबाईंनी हा भाग मजकडून दोनदा ऐकिला, आणि दुसऱ्यांदा विचारिले, "चारही खंडांवर ना, मामंजी?" मी म्हटले, चारही.